आठ सोनेरी, एक काळा

मुरबाडच्या माणसाला मासा कळत नाही असं म्हणायची हिंमत कुणी करू नये. मृगात पहिला दणदणीत पाऊस झाला, ओढे तांबडे होऊन वाहू लागले, की रात्री अर्धं गाव बॅटऱ्या घेऊन बांधावर असतं. वळगण लागलेली असते. नदीतले मासे अंडी घालायला पाण्याच्या धारेवर चढत भातखाचरांपर्यंत येतात आणि खाचरात त्यांच्या स्वागताला कुणी पाग, कुणी कोयता, कुणी नुसतीच पाटी घेऊन उभा असतो. मुऱ्या कुठे दडतात, शिंगटीचा काटा कसा चुकवायचा, वामीला कुठे धरायचं, हे इथलं दहा वर्षांचं पोर सांगतं. फक्त हे सगळं ज्ञान कालवणापाशी येऊन संपतं. मासा घरात आणून जिवंत ठेवायचा, वर आपणच त्याला खायला घालायचं आणि आजारी पडला तर औषधपाणी करायचं, हा अभ्यासक्रम आमच्याकडे अलीकडे सुरू झालाय. निकाल अजून तरी बरा नाही.

सुरुवात फ्लॅटपासून झाली. वासिंद, आसनगाव, शहापूर या पट्ट्यात इमारती उठल्या, मुरबाडातही उठल्या. घराला पडवी होती तेव्हा तिथे नांगर असायचा, कणगी असायची, खुडूक कोंबडी बसलेली असायची. रिकामा कोपरा कशाला म्हणतात ते कुणाला ठाऊक नव्हतं. हॉल आला आणि त्याची ईशान्य ओकीबोकी दिसू लागली. तिथे काय ठेवायचं ते सांगायला वास्तुवाले होतेच. त्यांचा उतारा ठरलेला: आठ सोनेरी मासे, एक काळा. सोनेरी लक्ष्मी आणतात आणि काळा घरावरची पीडा अंगावर घेतो. म्हणजे नऊ जणांत काम एकट्या काळ्यालाच, बाकीचे आठ मंडळाचे मानद सदस्य.

आता टाकी केवढी? तर दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, कारण टीव्हीशेजारी तेवढीच मावते. हिशेबाने ५६ लिटर. तळाची खडी आणि वरची रिकामी चार बोटं वजा केली तर चाळीस-पंचेचाळीस लिटर पाणी. गोल्डफिश नीट वाढला तर वीतभर होतो, दहा-दहा वर्षं जगतो आणि खातो किती यापेक्षा घाण किती करतो यासाठीच जास्त प्रसिद्ध आहे. असे नऊ जण त्या पाण्यात राहायला येणार असतात. वास्तुशास्त्र घराचं असतं. माशांच्या घराची वास्तू कुणी बघत नाही.

हौशी मंडळी मासे आणायला कुर्ला गाठतात. तिथे रविवारी शोभेच्या माशांचा बाजार भरतो. बंगाल, तमिळनाडूकडून इथवर सुखरूप आलेल्या माशाची खरी कसोटी कसारा लोकलमध्ये लागते. प्लास्टिकची पिशवी, खाली थोडं पाणी, वर भरपूर ऑक्सिजन भरून गच्च गाठ मारलेली. ती पिशवी छातीशी धरून माणूस डब्यात शिरला की ठाण्याच्या आत संवाद सुरू होतो.

“काय घेतलं?”

“मासे.”

“किलोला कसे दिले?”

“दीडशेला जोडी.”

विचारणारा पिशवी उजेडात धरतो, आतल्या दोन बोटांच्या जिवाकडे बघतो आणि शांतपणे म्हणतो, “चौघांना पुरायचे नाहीत.”

मुरबाडकराला यापुढचाही प्रवास आहे. कल्याणला उतरून एसटी नाहीतर वडाप. मुरबाडच्या रेल्वेची वाट आजोबांपासून सगळे बघत आलेत, पण मासा तितका थांबू शकत नाही.

घरी पोचल्यावर खरं तर काही करायचं नसतं. पिशवी न सोडता पंधरा-वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगू द्यायची, म्हणजे आतलं आणि बाहेरचं तापमान सारखं होतं. मग गाठ सोडून टाकीतलं पाणी वाटीवाटीने पिशवीत घालायचं आणि शेवटी जाळीने मासे उचलून आत सोडायचे. पिशवीतलं घाण पाणी बाहेरच ओतायचं. अर्ध्या तासाचं काम. पण पोरं उभी असतात, शेजारी उभे असतात, व्हिडिओ काढायला मोबाईल उभा असतो. गुरुपुष्याचा मुहूर्त टळत चाललेला असतो. गाठ सोडली जाते आणि नऊही जीव पिशवीतल्या पाण्यासकट धबाल. टाळ्या.

इथून पुढे जे घडतं त्यात घरातल्या कुणाचाही दुष्ट हेतू नसतो. पाणी इतकं नितळ असतं की टाकीच्या पलीकडचं कॅलेंडर वाचता येतं. नेमका तिथेच घोटाळा आहे. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनियाच निघतो. हे विष रंगाला दिसत नाही आणि थोडंसं असताना वासालाही लागत नाही. जुन्या टाकीत त्याची सोय लागलेली असते. खडीवर, काचेवर, मुख्य म्हणजे फिल्टरच्या स्पंजात जीवाणूंची वस्ती असते. एक जमात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषच. दुसरी त्या नायट्राइटचं नायट्रेट करते, ते मासा बऱ्यापैकी सोसतो. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आमच्याकडे मासे टाकीच्याच दिवशी येतात. म्हणून पहिल्या दिवशी नाचणारे मासे आठवड्याभरात पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडं वासू लागतात आणि घरातले म्हणतात, “बघा, कसे खायला मागतायत!”

दुकानदार हे सांगत नाही, कारण “टाकी आज न्या, मासे दीड महिन्याने न्यायला या” हे वाक्य उच्चारणाऱ्याचा धंदा चालणार कसा? रिकाम्या टाकीत मोटर लावून महिनाभर नुसतं पाणी खळखळत ठेवणारा माणूस गावात कुणी पाहिलेला नाही. पाहिलाच तर त्याच्या घरच्यांची चौकशी होईल.

शहापुरात एक निवृत्त मास्तर मात्र आहेत. त्यांची टाकी कुणालाही आवडत नाही. काचेच्या मागच्या बाजूला हिरवं शेवाळ, स्पंज चहाच्या गाळणीचा रंग धरलेला, झाडं खरी आणि वेडीवाकडी वाढलेली. बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पाणबुड्या नाही, शिंपला उघडमिट करत नाही. मासे मात्र म्हातारे होऊन मरतात. नवीन टाकीवाले आता वाटी घेऊन त्यांच्या दारात जायला लागलेत. मास्तर आपला काळपट स्पंज त्या वाटीत पिळून देतात, कधी त्याचा तुकडाच कापून देतात. घट्ट दह्याचं विरजण शेजारून आणावं, तसाच हा व्यवहार. विरजण लावल्यावर दहा मिनिटांनी झाकण काढून दुधावर कुणी ओरडत नाही, एवढं मात्र टाकीवाल्यांना सांगावं लागतं. मास्तरांची अट एकच: “पहिला महिना पाण्याचा. एखाददुसरा मासा टाका, बाकीच्यांचं नंतर बघू.” ही अट ऐकून लोक मान डोलावतात आणि घरी गेल्यावर आठ अधिक एकाचं गणित पुढे करतात. वास्तुवाल्याने हप्त्याहप्त्याने सांगितलेलं नसतं ना.

पाणी कुठलं, हा दुसरा प्रश्न. नळाचं असेल तर तुमच्या माशांचं आयुष्य गावच्या जलसुरक्षकाच्या हातात असतं. पिण्याच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकणं हे त्याचं काम. नळाच्या तोंडाशी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरलं पाहिजे, असा दंडक आहे. आरोग्य सेवक येतो, नळीत पाणी धरतो, ओटीचे थेंब टाकतो, पाणी पिवळं झालं की वहीत सही करतो. माणसाला जे क्लोरीन तारतं ते माशाचे कल्ले भाजून काढतं. म्हणजे जलसुरक्षक कंटाळलेला असेल तर मासे खूष आणि एखाद्या आठवड्यात तो मनापासून कामाला लागला की टाकीत हाहाकार. ज्या आठवड्यात मासे मेले त्या आठवड्यात गावाला जुलाब झाले नाहीत, हा योगायोग नव्हे. उपाय अगदी सोपा आहे: पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावं, क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात थेंब मिळतात, त्यात सोडियम थायोसल्फेट असतं आणि ते क्लोरीनला मिनिटभरात निपटतं. घाई सगळ्यांनाच असते. थेंब मात्र संपलेले असतात.

बोअरचं पाणी वापरणारे या भानगडीतून सुटतात आणि दुसरीत सापडतात. ते पाणी जड असतं, आणि खडकातून ताजं वर आलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी. तेही बादलीत वरून खाली चार वेळा ओतून, एक दिवस ठेवूनच वापरायचं. शिवाय पाणी अल्कली असेल आणि वर मे महिन्याचा उकाडा असेल, तर तेवढाच अमोनिया जास्त चावतो. गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी थेट ओतलं तर प्रश्नच मिटतो, आणि कालवणही अर्धं झालेलं असतं.

आता घरातली माणसं. मासा उपाशी मरतो ही एक घट्ट समजूत आहे. शोभेचा मासा बहुतेक वेळा पोटभर खाऊन, स्वतःच्या नव्हे तर घराच्या हातून मरतो. सकाळी आजोबा घालतात, शाळेत जाताना पोरगा घालतो, आजी “मुकं जनावर आहे” म्हणून दुपारी घालते, आणि यातल्या कुणालाच दुसऱ्याने घातल्याचं माहीत नसतं. संध्याकाळी पाहुणे येतात. त्यांच्या बशीत शेव असते. गोल्डफिशला मुळात जठरच नाही, त्यामुळे “बास” हा शब्द त्याच्या प्रकृतीत बसत नाही. बोट दिसलं की तो येतोच. दोन-तीन मिनिटांत संपेल तेवढंच, आणि नव्या टाकीत तर एक दिवसाआड, हा नियम. उरलेलं खाली बसतं, कुजतं आणि पुन्हा तोच अमोनिया.

माशांना चारण्याचा नाद जुना आहे. बाराव्या शतकात सोमेश्वर तिसरा या राजाने ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ लिहिला. राजा कल्याणचा, पण आपलं जंक्शन असलेलं कल्याण नव्हे, बसवकल्याण. त्यात ‘मत्स्यविनोद’ असं प्रकरणच आहे, कोणत्या माशाला काय खाऊ घालावं याच्या तपशिलासकट. राजाचा हेतू साफ होता. चारून मासे धष्टपुष्ट करायचे आणि मग गळाला लावायचे. आजीचा असा काही डाव नसतो. मासा मात्र जातोच, रस्सा तेवढा होत नाही.

मास्तरांनी यावर काढलेली तोड मला फार आवडते. जीवाणू, अमोनिया वगैरे आजीपुढे मांडण्याच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, “आजी, तुमच्या माशांना एकादशी नाही का?” आजी चपापली. तेव्हापासून त्या घरात महिन्याच्या दोन्ही एकादश्या, संकष्टी आणि दर गुरुवार मासे कडक करतात. निर्जळी तेवढी शक्य नाही. डबा आजीच्या ताब्यात आहे आणि पाहुण्याने शेवेचा हात पुढे केला की ती म्हणते, “त्यांचा उपास आहे.” त्या घरातले मासे सगळ्या आळीत तगडे आहेत.

उपासाने भागत नाही, पाणीही बदलावं लागतं. सगळं नव्हे, आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा. म्हणजे दहा-पंधरा लिटर. सांगायला सोपं. पण शहापूर तालुक्यात एप्रिलमध्ये पंधरा लिटर पाणी मोरीत ओतताना शेजाऱ्याने पाहिलं तर काय बोलेल ते छापता येणार नाही. हा तो तालुका, जिथे १८९२ साली बांधून झालेलं तानसा धरण आहे, जिथलं एकटं भातसा मुंबईच्या रोजच्या पाण्यातला जवळपास अर्धा वाटा उचलतं. आणि हाच तो तालुका, जिथल्या पाड्यांवर उन्हाळा चढला की बाया हंडे लावून टँकरची वाट बघतात. मुंबईतल्या एखाद्या दिवाणखान्यातला मासा भातसाच्या पाण्यात पोहतो, भातसाच्या शेजारचा टँकरच्या. याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं. एका वहिनींनी त्यातून वाट काढलीय. टाकीतून उपसलेलं पाणी त्या आधी छोट्या टबात घेतात, फिल्टरचा स्पंज त्यातच हलक्या हाताने खळबळतात आणि ते पाणी कढीपत्त्याला घालतात. नायट्रेट म्हणजे खतच. त्यांचा कढीपत्ता आता पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागलाय आणि आळीतल्या सगळ्या फोडण्या त्या टाकीवर चालतात.

लाईट जाण्याबद्दल जास्त लिहीत नाही; ज्याची जाते त्याला ठाऊक आहे. एवढंच की “ऑक्सिजनची मोटर” ऑक्सिजन बनवत नाही, पाणी वरखाली हलवते आणि हवा त्यात आपोआप विरघळते. म्हणून मोटर बंद पडली तर तांब्याने पाणी उचलून वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीत सोडत राहावं. पावसाळ्यात वादळाने तारा तुटल्या की घरातली माणसं पाळीपाळीने हे करतात. पंधरा वर्षांच्या पोराला रात्री दोनची पाळी मिळाली की त्याचा माशांमधला रस आपोआप बेताचा होतो.

हिवाळ्यात माळशेजकडून गार वारं उतरतं आणि माशांच्या अंगावर मिठाचे दाणे चिकटावेत तसे पांढरे ठिपके उठतात. आजीचं निदान तत्काळ: “देवी आल्या.” टाकीवर कडुलिंबाचा डहाळा येतो. हे ठिपके म्हणजे एक सूक्ष्म परजीवी असतो आणि बहुतेक वेळा नव्या माशाबरोबर फुकट आलेला असतो. हीटर लावून पाणी हळूहळू तिसेक अंशांवर न्यावं, दुकानातलं औषध मापाने द्यावं, आणि पुढच्या वेळी नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवावा. कडुलिंबाने माशाचं काही बिघडत नाही, फक्त टाकीच्या बाहेर ठेवावा.

या सगळ्यातून तगून टाकी दिवाळीपर्यंत आली की तिच्यावर खरं संकट येतं. घर स्वच्छ निघतं. माळा झाला, पंखे झाले, डबे झाले, आता टाकी. मासे बादलीत. खडी सर्फमध्ये चोळून गच्चीवर सांडगे वाळतात त्या ओळीत उन्हात पसरलेली. काचा लिंबू लावून लख्ख. स्पंज नळाखाली पिळून पिळून मूळच्या रंगावर आणलेला. ज्या वस्तीने वर्षभर इमानेइतबारे घाण उपसली ती एका दुपारी गटारात. ताजं पाणी, ताजी खडी, आणि मासे पुन्हा आत. लक्ष्मीपूजनाला टाकी इतकी देखणी दिसते की फोटो सगळ्या ग्रुपवर जातो. पाडव्याला मासे वर येऊन तोंड वासतात. भाऊबीजेला बहिणीच्या देखत पहिला उताणा होतो.

कुणाचीही चूक नसते, कारण खुलासा तयार असतो. काळा मेला तर पीडा त्याने घेतली, घर वाचलं. सोनेरी मेला तरी तेच, पीडा जरा मोठी होती. नऊच्या नऊ गेले तेव्हा दुकानदार एका गृहस्थांना गंभीरपणे म्हणाला, “साहेब, तुमच्या घरावर केवढं अरिष्ट होतं, विचार करा. नऊ लागले!” गृहस्थांनी हात जोडले आणि त्याच दिवशी पुढचे नऊ घेतले. जगात बहुधा हा एकच धंदा असेल जिथे माल बिघडल्यावर गिऱ्हाईक आभार मानतं.

मास्तर अशा घरांना वेगळा सल्ला देतात: आरोग्य केंद्रात जा आणि गप्पी मासे मागा. हिवताप-डेंग्यूसाठी सरकार हे मासे पैदा करून डबक्यांत, हौदांत सोडतं, कारण ते डासांच्या अळ्या खातात. मागितले तर फुकट मिळतात. करंगळीएवढा जीव, फॅशन कमी, पण बोअरचं जड पाणी चालतं, उकाडा चालतो, लाईट गेली तरी लगेच मान टाकत नाही. पाच-सहा आणून बसवलेल्या टाकीत सोडले की काम झालं. अंडी वगैरे घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, आणि महिन्या-महिन्याला देतात. हे शेवटचं वाक्य नीट वाचावं. पहिल्या खेपेला घरात आनंद होतो. पुढे टाकी भरते, बरण्या भरतात, मोरीतला टब भरतो. माणूस वाटत सुटतो. लग्नपत्रिकेबरोबर बरणी, हळदीकुंकवाला वाण म्हणून बरणी. तो पिशवी घेऊन जिना चढताना दिसला की दारं लावली जातात.

नदीत सोडू नयेत. काळू असो की भातसा, तिथे आपल्या मुऱ्या-शिंगट्या राहतात, त्यांची पोटं भरायचा वांधा होतो. टाकी साफ करेल म्हणून आणलेला सकर मासा फूटभर झाला की लोक असाच पुण्य लागेल म्हणून सोडून येतात. उजनीत तो आता कोळ्यांच्या जाळ्यात निघतोय आणि ते काही पुण्यवान शब्द वापरत नाहीत.

तेव्हा एका गृहस्थांनी सरळ मार्ग धरला. झाकणाच्या बादलीत शंभरेक गप्पी घालून ते स्कूटरवरून आरोग्य केंद्रात गेले आणि आरोग्य सेवकाला म्हणाले, “तुमचेच आहेत. परत घ्या.”

आरोग्य सेवकाने बादलीत वाकून पाहिलं, मग खिडकीतून मागच्या हौदाकडे बोट केलं. हौद काठोकाठ वळवळत होता.

“साहेब,” तो म्हणाला, “मी तुमच्याकडेच निघालो होतो. घरात अजून एखादी टाकी मावेल का?”